भुरीचा हिवाळा

सकाळी गारठा आणि दुपारी घाम, असे दिवस आले की माझा अंगठा आपोआप पानांवर फिरायला लागतो. शाळेच्या फाटकाजवळची गुलाबाची कुंडी असो, शेजाऱ्यांच्या ओट्यावरची झिनिया असो, मी थांबते, पान उलटं करते, हळूच पुसून बघते. बोटाला पीठ लागलं तर तिथंच उभी राहते. मुलं पुढं निघून जातात, घंटा होते, आणि मी बोटाकडं बघत असते.

आमच्याकडं ह्या रोगाला भुरी म्हणतात. द्राक्षाचे बागवाले तिचं नाव काढलं तरी गप्प होतात. बुरशीच ती, पण चिखलातली, ओल्या भिंतीवरची नव्हे. हिला पाऊस लागत नाही. रात्रीचं दव, दिवसाचं कोरडं ऊन आणि झाडांची दाटी मिळाली की तिचं भागतं. आधी पानावर एक ठिपका दिसतो, कुणी पोळ्या लाटताना पीठ उडावं तसा. वाटतं, फुंकर मारली की जाईल. दिवाळीनंतर हे दिवस सुरू होतात ते शिवरात्रीपर्यंत. लोकांना ह्या दिवसांत हुरडा आठवतो, शेकोट्या आठवतात. मला आमच्या धाराशिवच्या घराची गच्ची आठवते, आणि तिथल्या माझ्या बहिणीच्या कुंड्या.

करुणा माझ्याहून लहान. आई तिला 'करे' म्हणून हाक मारायची. आमचे पप्पा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, आता निवृत्त झालेत. घर वस्तीच्या टोकाला. पुढं नुसता माळ, आणि माळावरून येणारा वारा. मी शिकून लातूरला शाळेत लागले, लग्न तिथंच झालं. करुणानं शेतीची पदविका केली आणि तुळजापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत कामाला लागली. तिथं दिवसभर रोपं भरायची आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा गच्चीवर मातीत हात. रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे डबे, पप्पांनी कुठून कुठून आणलेली जुनी टायरं, जे मिळेल त्यात तिनं काहीतरी लावलेलं. गुलाब, शेवंती, डेलिया, झिनिया, बिगोनिया. आई म्हणायची, "आगं, वाळवणाला तरी जागा ठेव." करुणा म्हणायची, "वाळवण दुकानात मिळतं, आई."

एकदा ती लातूरला माझ्याकडं राहायला आली होती. माझ्या गॅलरीत झिनियाची एक कुंडी होती, फुलांनी भरलेली. तिनं आल्या आल्या पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. एक पान उलटं केलं, मला दाखवलं.

"ताई, भुरी आहे ही."

"कुठं? एवढासा तर डाग आहे."

"एवढासाच असतो आधी." आणि तिनं माझ्या स्वयंपाकघरातली कात्री घेऊन निम्मं झाड कापून टाकलं, फुलांसकट. मी ओरडले. ती कापलेलं सगळं कागदात गुंडाळत म्हणाली, "भुरीवर दया केली की झाड जातं."

"नाव करुणा, अन् हाताला काही दयामाया नाही," मी म्हटलं. ती हसली. तिला ते फार आवडलं होतं. नंतर कितीतरी दिवस फोनवर स्वतःच म्हणायची, "बिनदयेची करुणा बोलतेय."

ती भाद्रपदात गेली. ताप आला, तो तिनं अंगावर काढला. नर्सरीत गणपतीची गर्दी होती, रोपांची मागणी होती. मग रक्तातल्या पेशी उतरायला लागल्या. धाराशिवहून सोलापूरला हलवलं. मी लातूरहून थेट तिथं पोचले तेव्हा ती बोलत होती. मला म्हणाली, "ताई, पप्पांना जेवायला सांग." दुसऱ्या दिवशी दुपारी बोलणं थांबलं. तिच्याविषयी ह्याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही.

आई रडली नाही. भावकीतल्या बायका कुजबुजायच्या, "हिला रडवा गं, न्हायतर छातीत बसंल." कुणी गळ्यात पडून रडली तर आई तिची पाठ थोपटायची. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि आई गच्चीवर गेली ती जणू तिथंच राहायला गेली.

घरात करुणाचं नाव घेणं बंद झालं. कुणी ठरवलं नव्हतं, पण झालं. 'तिची' म्हणायचं. तिची झारी, तिची कात्री, तिच्या कुंड्या. विहारात धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम होता तेव्हा शेजारच्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आईला बोलवायला आल्या. आई गच्चीवरूनच म्हणाली, "झाडांना पानी घालायचंय मला." त्या बिचाऱ्या थोडा वेळ थांबून गेल्या.

मी दर शनिवारी अर्धी शाळा झाली की एसटीनं धाराशिवला जायची. रविवारी संध्याकाळी परत. दार पप्पा उघडायचे. मी हातपाय धुऊन वर जायची. आई माझ्याकडं न बघताच म्हणायची, "शेवंतीला कळ्या धरल्यात," नाहीतर, "डेलियाचा कोंब बघ केवढा वर आलाय." आलीस का, दमलीस का, जावई कसे आहेत, ह्यातलं एक नाही. मला राग यायचा. मग रागाची लाज वाटायची. बहीण माझीही गेली होती, पण त्या घरात दुःखाची जागा आधीच भरून गेली होती. मी दाराशी उभी होते.

थंडी पडायला लागली तशी आईनं एक केलं. सगळ्या कुंड्या ओढत ओढत पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीला आणून लावल्या, अगदी एकमेकींना खेटून. वरून प्लास्टिकचा कागद बांधला. "वारं लई झोंबतंय वर. गारठून जातील," ती म्हणाली. शिवाय कुणीतरी सांगितलं म्हणून मूठ मूठ युरिया. पुन्हा आठवड्यानं मूठ मूठ. झाडं दिसायला अशी तरारली, की मलाच बरं वाटलं. पानं लुसलुशीत, कोंब तांबूस आणि नाजूक. आजारातून उठलेल्या लेकराला तूप चारावं तसं आई त्यांना चारत होती. त्या नाजूक पानांवर, त्या कोंदट सावलीत, कोण येऊन बसणार हे सांगणारी एकच होती घरात. ती नव्हती.

एका शनिवारी वर गेले तर आई ओल्या फडक्यानं पानं पुसत बसली होती. एकेक पान तळहातावर घेऊन, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं.

"धूळ लई बसतीय," ती म्हणाली. "रोज पुसते, रोज बसतीय."

मी जवळ गेले. झिनियाच्या खालच्या पानांवर पांढरं होतं. डेलियावर होतं. गुलाबाच्या एका कळीच्या देठाला तर कापसासारखं आलं होतं. आईचं फडकं एका झाडावरून दुसऱ्यावर चाललं होतं, तेच फडकं.

"आई, ही धूळ नाही. भुरी आहे."

तिचा हात थांबला. तिलाही शब्द ओळखीचा होता. करुणाच्याच तोंडून ऐकलेला.

"मग औषध आण."

"औषध आणते. पण आधी लागलेली पानं काढायला लागतील. कुंड्या लांब लांब ठेवाव्या लागतील, हा कागद काढावा लागंल. नुसत्या औषधानं जायची नाही ती."

"काढायला म्हंजे?"

"कापून टाकायची. आणि जाळायची. नाहीतर सगळ्यांना लागंल."

आई उठून उभी राहिली. फडकं तिच्या हातातून टपकत होतं. "तिला जाळून आलात," ती म्हणाली. "आता तिची झाडंबी जाळा, म्हंजे झालं."

जिन्यात पप्पा पाण्याची बादली घेऊन वर येत होते. ते तिथंच थांबले, आणि बादली घेऊन तसेच खाली गेले.

मी त्या रात्री जेवले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सकाळी बाजारात जाऊन पाण्यात मिसळायची गंधकाची पावडर आणली. दुकानदारानं बजावून सांगितलं, सकाळच्या थंड वेळेला फवारा, उन्हात नको, तेलकट औषधासोबत तर मुळीच नको. मी ते सगळं आईला सांगितलं. तिनं मान हलवली. ती ऐकत नव्हती, ते संक्रांतीनंतर कळणार होतं. कागद मात्र तिनं काढू दिला नाही. "थंडीनं मरतील," म्हणाली. मी फवारणी केली, पण दाटीतल्या आतल्या पानांपर्यंत फवारा पोचला नाही. बसमध्ये बसल्यावर हाताला गंधकाचा वास येत होता, काडी ओढल्यासारखा.

मग शनिवारामागून शनिवार मी ती पसरताना बघितली. भुरी झाड लगेच मारत नाही. ती झाडाला आतून उसवत जाते. पानं वरच्या बाजूला वळतात, वाटीसारखी होतात, मग पिवळी. कळी धरते पण उघडत नाही, पांढऱ्या लेपाखाली तशीच सुकते. शेवंतीच्या कळ्या अशाच न उमलता गेल्या. बिगोनियाची पानं हात लावला की गळायची. आई गळलेलं पान उचलून पदरात ठेवायची. फेकायची नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीत एका स्टीलच्या ताटलीत ती पानं वाळत पडलेली असायची, आणि त्यांच्यावरचं पीठ कुठल्याशा वाऱ्यानं पुन्हा वर जात असेल, असं मला वाटायचं.  पण हे बोलायची माझी हिंमत आईच्या 'झाडंबी जाळा' ह्या एका वाक्यानं संपली होती.

मला आता वाटतं, आई रोग बघत नव्हती असं नाही. ती आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त बघत होती, दिवसभर तिथंच तर होती. पण प्रत्येक फांदीला करुणाचा हात लागलेला होता. ती फांदी आहे तोवर तो हातही कुठंतरी आहे, असं तिचं काहीतरी झालं असावं. कात्री लावायची म्हणजे तो हात आपल्या हातानं तोडायचा. मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवते. हे त्या पुस्तकात नाही.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी मी पोचले तेव्हा दार उघडंच होतं. वर गेले. आई टाकीच्या सावलीत भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर गुलाबांची सगळी पानं करपलेली, कडा काळ्या, जणू कुणी विस्तव फिरवलाय. शेजारच्या बाईनं कडुनिंबाचं तेल दिलं होतं, लई गुणकारी म्हणून. आईनं ते फवारलं, वर गंधकही फवारलं, आणि तेही भर दुपारच्या उन्हात. एका दिवसात झाडं भाजून निघाली.

"म्या मारली," आई म्हणाली. मला नाही, समोरच्या कुंडीला. "हातानं मारली म्या."

मी तिच्या शेजारी बसले.  तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि पप्पा वर आले. त्यांच्या हातात छाटणीची कात्री होती. ती करुणाची, लाल मुठीची. इतके दिवस कुठं ठेवली होती कुणास ठाऊक.

पप्पा कुंड्यांसमोर उभे राहिले. म्हणाले, "करुणा असती तर पहिल्याच दिवशी कापलं असतं तिनं."

तिचं नाव. भाद्रपदानंतर त्या घरात पहिल्यांदा. गच्चीवरचा वारासुद्धा थांबल्यासारखा वाटला मला.

"नाव घिऊ नका तुमी," आई म्हणाली.

"का घिऊ नको? माझीबी लेक हुती."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. पप्पा तसे कमी बोलणारे. घरात आवाज चढवायचा तो आईनं. करुणा गेल्यापासून ते नुसते दार उघडायचे, बादल्या भरायचे, आणि संध्याकाळी ओट्यावर माळाकडं तोंड करून बसायचे. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"तू हात लावत न्हाईस, तर म्या कापतो," ते म्हणाले, आणि खाली वाकून त्यांनी गुलाबाची एक फांदी पकडली. त्यांना काही माहीत नव्हतं. जन्म नटबोल्ट सोडवण्यात गेलेला. फांदीच्या मधोमध, कुठंही, त्यांनी कात्री लावली. कट् असा आवाज झाला. दुसरी फांदी. पुन्हा तसंच.

"आवो, तसं न्हाय," आई एकदम म्हणाली. "डोळ्याच्या जरा वर कापायचं. तिरकं. ती म्हणायची न्हव, डोळा सोडून कापलं की फांदी मरती."

पप्पा थांबले. त्यांनी कात्री तिच्यापुढं धरली.

आईनं ती घ्यायला किती वेळ लावला, मला सांगता येणार नाही.  मग तिनं कात्री घेतली, आणि गुलाबाच्या खोडावर अंगठा फिरवत, नवा कोंब फुटतो तो डोळा शोधला. त्याच्या वर तिरका काप दिला. त्यानंतर ती थांबली नाही. मी कुंड्या एकमेकींपासून ओढून बाजूला करत होते, पप्पा प्लास्टिकचा कागद सोडत होते, आणि आई कापत होती. पानं, कळ्या, कोंब, सगळं. मागं नुसत्या काड्या उरत होत्या. काट्यांनी तिच्या मनगटावर रेघा उमटल्या होत्या, तिला त्याचं भान नव्हतं.

शेवटी झिनियाची कुंडी राहिली. तिच्यात कापण्यासारखं काही उरलंच नव्हतं, ती मुळासकट उपटावी लागली. मूळ वर आलं ते मातीचा गोळा धरूनच, कुंडीच्याच आकाराचा. तो गोळा दोन्ही हातांत धरून आई खाली बसली. आणि मग तिच्या घशातून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. "माझे करे... आगं माझे करे..." एवढंच. पुन्हा पुन्हा तेवढंच. भाद्रपदात ज्या बायका तिला रडवायला बघत होत्या त्या आता असत्या तर त्यांनी कान झाकले असते. पप्पा भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी आईजवळ गेले तर तिनं मला इतकं घट्ट धरलं, की मातीचा तो गोळा आमच्या दोघींच्या मध्ये फुटला.

कापलेलं सगळं पप्पांनी पोत्यात भरून समोरच्या माळावर नेलं आणि पेटवलं. ओली पानं लवकर पेटत नाहीत. बराच वेळ नुसता धूर येत राहिला. आम्ही तिघं दारात उभे राहून तो बघत होतो. खिडकीतली ताटली आईनं स्वतः आणून त्यात पालथी केली.

त्यानंतर मी मोठी रजा टाकली. सकाळी थंडी असतानाच गंधक फवारायचं, तोंडाला रुमाल बांधून, पानं नव्हतीच म्हणून खोडाला आणि कुंडीच्या कडांना. कुंड्या गच्चीभर सुट्या सुट्या, प्रत्येकीच्या चारी बाजूंनी वारा. पाणी सकाळी, मुळाशी. युरिया बंद. आई फवारणीचं पाणी कालवून द्यायची, फारसं बोलायची नाही. ज्या काड्यांना डोळा फुटेल त्यांची वाट बघायची, एवढंच काम.

सगळ्यांना नाही फुटला. डेलियाचे कंद उकरून बघितले तर आत मऊ झालेले. शेवंती गेली, बिगोनिया गेली. मोजक्या गुलाबांना बारीक लाल टोकं आली, नखाएवढी. फाल्गुनात त्यातल्या एकाला फूल आलं, फिक्या गुलाबी रंगाचं, जरा वाकडं. मला इतके दिवस वाटत होतं की पहिलं फूल आलं की घरात काहीतरी बदलेल. तसं काही झालं नाही. आईनं ते बघितलं, पप्पांना हाक मारून दाखवलं, आणि खाली जाऊन कपडे धुवायला घेतले. फूल दोन-तीन दिवसांनी गळालं.

करुणा गेली ती गेलीच. भुरी गेली, हेही खरं नाही. ती जात नाही. कुठल्या तरी कोंबात, सालीच्या बेचक्यात दडून राहते आणि दव पडायला लागलं की पुन्हा येते. करुणा म्हणायची, आपण फक्त तिच्या आधी उठायचं. दुःखाविषयी मला असलं काही बोलता येत नाही. त्याच्या आधी कसं उठायचं, अजून कळलेलं नाही. आई आता पौर्णिमेला विहारात जाते. पप्पांचं बोलणं थोडं वाढलंय. मी शनिवारी गेले की आई विचारते, "जेवून आलीस का?" आणि उत्तराची वाट बघते. गच्चीवर तेवढे गुलाब आहेत, बाकी जागेत वाळवण असतं. पापड उलटताना आई मधेच थांबते, आणि मग पुन्हा उलटायला लागते.

ह्या वर्षीही सकाळी गारठा आणि दुपारी घाम सुरू झालाय. परवा मधल्या सुट्टीत आईचा फोन आला. एरवी ती शाळेच्या वेळेत करत नाही.

"सुजे, गुलाबावर भुरी आली."

मी वर्गातून बाहेर व्हरांड्यात आले. "कधी बघितलीस?"

"आज सकाळी. एका फांदीवर हुती."

"मग?"

"कापली म्या. जाळलीबी."

मी बरं केलंस म्हणणार होते. पण तिकडं तिचं बोलणं संपलेलं नव्हतं. मुलं पाण्याच्या टाकीजवळ आरडाओरडा करत होती. मी दुसऱ्या कानावर हात धरला.

"ह्या टायमाला हात आडला न्हाय गं माझा," आई म्हणाली. "त्याचंच लई वाईट वाटाया लागलंय."